नराच्या यकृतात गाभोळी

पहिल्या रांगेतल्या सहा वाट्या कोऱ्या राहायला हव्या होत्या. प्लेटवर शेवटचं आम्ल घातलं आणि सहाच्या सहा पिवळ्या झाल्या. फिकटही नाही, शेवंतीसारख्या ठसठशीत पिवळ्या. शुक्रवारची संध्याकाळ, ऑन्टॅरिओतला ऑक्टोबर, लॅबमध्ये माझ्याशिवाय कोणी नाही. प्लेट उलटी तर धरली नाही ना, म्हणून फिरवून बघितली. (हसू नका, एकदा धरली होती.) पण कोपऱ्यातली मार्करची खूण जागच्या जागी होती.

त्या प्लास्टिकच्या खाचांना लॅबमध्ये सगळे 'वेल' म्हणायचे, मी मनातल्या मनात वाट्या म्हणायची. वाट्यांमध्ये जे द्रव होतं, ते रेनबो ट्राउट या माशाच्या यकृतातल्या पेशींवरून चार दिवसांनी काढून घेतलेलं. बाकीच्या रांगांमधल्या पेशींना मी वेगवेगळी रसायनं दिली होती. या सहांना काहीच दिलं नव्हतं. हा कंट्रोल. आणि पिवळा रंग याचा अर्थ, पेशींनी व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवलं होतं. काहीच न देता.

व्हायटेलोजेनिन हा शब्द जड आहे, पण गोष्ट कोकणातल्या कुठल्याही घरात दर आठवड्याला तव्यावर पडते. गाभोळीतला जो बलक, त्याचा हा कच्चा माल. गाभोळी अंडाशयात असते म्हणून बलकही तिथेच तयार होत असणार, असं मला एमएस्सीपर्यंत खुशाल वाटत होतं. अंडाशय फक्त निरोप धाडतं. निरोप म्हणजे एस्ट्राडायॉल हे संप्रेरक. ते रक्तातून यकृतात पोचतं, तिथल्या पेशीत त्याच्यासाठी असलेल्या ग्राहीत, म्हणजे रिसेप्टरमध्ये, अडकतं, ग्राही जाऊन एक जनुक चालू करतो आणि यकृत कामाला लागतं. चरबी, फॉस्फरस, कॅल्शियम असं सगळं बांधून घेतलेलं ते भलंमोठं प्रथिन रक्तात सोडलं जातं आणि वाढती अंडी ते शोषून घेतात, चिरतात, साठवतात. गाभोळी म्हणजे खरं तर यकृताची कमाई. अंडी भरायच्या दिवसांत ट्राउटच्या मादीच्या रक्तात दर मिलिलिटरला कित्येक मिलिग्रॅम व्हायटेलोजेनिन असतं. नराच्या रक्तात जवळजवळ नसतंच. दहा लाख पटींपर्यंत फरक.

आता खरी मेख. नराच्या यकृतातही तेच जनुक असतं, ग्राहीही असतो. त्याला जन्मभर कोणी हाक मारत नाही, एवढंच. आणि मारली, तर यकृत हाक मारणाऱ्याचं तोंड बघत नाही. कुलपात किल्ली बसली की झालं, मग ती अंडाशयातून आलेली असो की गटारातून.

गटार उगाच नाही म्हटलं. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या तळ्यांमध्ये रोच नावाचे मासे विचित्र निघायला लागले, वृषणात अंडी असलेले. पुढे ब्रुनेल विद्यापीठातले जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा प्रयोग केला. पिंजऱ्यात ट्राउट ठेवायचे आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी जिथे बाहेर पडतं तिथे पिंजरा पाण्यात सोडायचा. दोनतीन आठवड्यांत माशांच्या रक्तातलं व्हायटेलोजेनिन ५०० पटींपासून १,००,००० पटींपर्यंत वाढलेलं. हे १९९४ मध्ये छापून आलं. एवढी मोठी हाक नक्की कोण मारतंय हे मात्र पिंजऱ्यातला मासा सांगू शकत नाही. सांडपाण्यात हजारो रसायनं. एकेकासाठी माशांचा एकेक हौद मांडायचा म्हटला तर जन्म जाईल.

इथे पेशी कामाला आल्या. एका यकृतातून कोट्यवधी सुट्या पेशी मिळतात, त्या शेकडो वाट्यांमध्ये वाटता येतात, आणि प्रत्येक वाटीला वेगळा प्रश्न विचारता येतो. १९९३ मध्ये सुझन जॉबलिंग आणि सम्प्टर यांनी ट्राउटच्या यकृतपेशींवर औद्योगिक डिटर्जंटांमधून सुटणारे घटक टाकून बघितले. नोनिलफिनॉल आणि त्याची भावंडं. पेशींनी व्हायटेलोजेनिन बनवलं. खऱ्या एस्ट्राडायॉलच्या मानाने ही रसायनं हजारो पटींनी दुबळी, पण यॉर्कशरमधल्या एअर नदीवर लोकर धुण्याचा धंदा होता आणि तिथे ही डिटर्जंटं ओतली जात होती. दुबळा माणूसही सतत दार वाजवत राहिला तर शेवटी उठावंच लागतं. २००५ पासून युरोपीय संघात अशा वापरांवर बंधनं आली. एका नदीचं पाणी बदलण्यात प्लेटमधल्या वाट्यांचा हात होता, ही गोष्ट मला पीएचडीच्या पहिल्या महिन्यात कोणीतरी सांगितली आणि मी तिच्यावरच भाळले.

जे सांगितलं नाही ते असं की या कामातला तीनचतुर्थांश वेळ पेशींना बोलतं करण्यात जात नाही. त्यांना गप्प ठेवण्यात जातो. कंट्रोल कोरा राहिला तरच बाकीच्या पिवळ्याला अर्थ. म्हणून त्या शुक्रवारी मी खुर्चीत बसून संशयितांची यादी काढली.

पहिला संशयित फिनॉल रेड. पेशी ज्या पोषकद्रवात वाढतात त्याला तो सुंदर गुलाबी-लाल रंग असतो ना, चित्रांत दाखवतात तसा, तो या रंगद्रव्याचा. द्रव आंबट झालं की पिवळसर पडतं, म्हणून सोयीचं. १९८६ मध्ये लक्षात आलं की हे रंगद्रव्य (खरं तर त्यातली भेसळ, असं पुढे कळलं) एस्ट्रोजेनची, म्हणजे एस्ट्राडायॉलच्या गटातल्या संप्रेरकांची, दुबळी नक्कल करतं. म्हणजे तोवर जगभरच्या संप्रेरकांच्या प्रयोगशाळा पेशींना एस्ट्रोजेनविना ठेवलंय अशा समजुतीत ते रोज पाजत होत्या. आमचं पोषकद्रव एल-१५. आल्बर्ट लिबोविट्झ यांनी १९६३ मध्ये जुळवलेलं, कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरशिवाय चालणारं, त्यामुळे मासेवाल्या लॅबमध्ये फार प्रिय. फ्रिज उघडून बाटली बघितली. पाण्यासारखी रंगहीन, लेबलवर 'फिनॉल रेडविरहित'. सुटला.

दुसरा संशयित प्लास्टिक. ही गोष्ट बॉस्टनची, टफ्ट्‍स विद्यापीठातली. आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन १९८० च्या दशकाच्या शेवटी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशी एस्ट्रोजेन असेल तरच वाढायच्या. एक दिवस कंट्रोलमधल्याही वाढायला लागल्या. माझ्यासारखंच. त्यांनी एकेक वस्तू बदलत कित्येक महिने घालवले आणि चोर सापडला तो परीक्षानळ्यांमध्ये. बनवणाऱ्यांनी प्लास्टिकचं सूत्र बदललं होतं आणि त्यातून नोनिलफिनॉल झिरपत होतं. १९९१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. दोन वर्षांनी ट्राउटच्या पेशींनी ओळखलं ते हेच रसायन. एका ठिकाणी प्रयोग बिघडवणारा, दुसऱ्या ठिकाणी प्रयोगाचं उत्तर. माझ्या नळ्या मात्र मागच्या महिन्याच्याच खोक्यातल्या होत्या आणि मागच्या महिन्यात कंट्रोल कोरा होता.

तिसरी संशयित मी. एस्ट्राडायॉलच्या पिपेटचं टोक न बदलता पुढच्या रांगेत गेले असेन? पण मी नेहमी कंट्रोलपासून सुरू करते. आईने लावलेली सवय आहे ही, सोवळ्यातलं आधी. तरीही स्वतःला सोडलं नाही, नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं.

मग वही उघडून आठवत बसले, त्या दिवशी मासा कापला तेव्हा काय काय झालं.

मासा अडीचशे ग्रॅमचा, मत्स्यशेतीतून आणलेला. भुलीच्या पाण्यात शांत झाला, मग पोट उघडलं. पहिलं काम पित्ताची पिशवी. यकृताला चिकटून हिरवट मण्यासारखी असते. ती फुटली तर पित्त पेशींवर पसरून सगळी मेहनत वाया. आमच्या मालवणच्या घरी मासे साफ करताना आई ओरडायची, "पित्त फोडू नको गो, कडू होतला!" त्याच आवाजात मी ती पिशवी काढायची. मग यकृताला रक्त आणणाऱ्या शिरेत बारीक नळी घालायची आणि पंपाने कॅल्शियम नसलेलं द्रव आत सोडायचं. कॅल्शियम गेलं की पेशींचे एकमेकींत गुंतलेले हात सुटतात. यकृताचा तांबूस-तपकिरी रंग बघता बघता उतरत जातो, कोऱ्या चहात दूध पडत जावं तसा. दुसऱ्या फेरीत कोलॅजिनेज. हे विकर एका जिवाणूपासून मिळतं, जखमा सडवणाऱ्यांच्या जातकुळीतल्या. त्याचा प्रत्येक लॉट वेगळ्या गुणाचा निघतो, म्हणून चांगला लॉट सापडला की लॅब वर्षाचा साठा करून ठेवते. आमच्याकडे मे महिन्यात मसाला कुटून बरण्या भरतात, अगदी तस्संच. पंधरावीस मिनिटांत यकृत खरवसासारखं थुलथुलीत होतं. थंड द्रवात धरून आवरण फाडलं आणि हलकेच हलवलं की त्यातून पेशींचा ढग सुटतो. तो ढग मी शंभरेक वेळा बघितला असेल, तरी दर वेळी हात थांबायचा. मग नायलॉनच्या जाळीतून गाळायचं, अगदी सावकाश फिरवून खाली बसवायचं, निळ्या रंगात थेंब घेऊन मोजायचं. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत आपल्या चकचकीत गोल. त्या दिवशी शंभरातल्या एक्क्याण्णव जिवंत होत्या. पुढे थंड इन्क्युबेटर, कारण ट्राउट थंड पाण्यातला प्राणी. माणसाच्या पेशींना लागणारे ३७ अंश त्याला लगेच मारतील.

वहीत सगळं होतं. वजन, लांबी, यकृताचं वजन, तापमान. आणि एका कोपऱ्यात माझ्याच अक्षरात: 'नर?'

त्या प्रश्नचिन्हाकडे बघूनही माझी ट्यूब पेटली नाही, हे कबूल करायला हवं. रात्री आईचा फोन आला. भारतात सकाळ. मी रडवेली होते, म्हणून काहीतरी समजेलसं सांगितलं की माशाच्या यकृतात गाभोळीचं प्रथिन निघालं, निघायला नको होतं. ती क्षणभरही थांबली नाही.

"मग तेच्या पोटात गाबोळी होती काय, बघलंस नाय?"

मासेवालीच्या पाटीपुढे उकिडवी बसून प्रत्येक मासा पोट चेपून घेणारी बाई ती. तिला यात संशोधन करण्यासारखं काही वाटलंच नाही.

शनिवारी सकाळी फ्रीझरमधून त्या माशाची पिशवी काढली. कापलेले मासे महिनाभर ठेवायचा नियम होता, त्याचा आयुष्यात एकदाच असा उपयोग झाला. लहान ट्राउट बाहेरून नर की मादी कळत नाही. आतही वृषण आणि कोवळं अंडाशय दोन्ही फिकट दोऱ्यासारखी, घाईत फसायला होतं. मासा वितळल्यावर भिंग लावलं. एका बाजूचा दोरा पुढच्या टोकाला जाडसर होता आणि त्यात खसखशीएवढे पिवळट दाणे. ओळीने. गाभोळी धरायला नुकती सुरुवात झालेली मादी. तिच्या यकृताला निरोप आधीच पोचला होता, मी ते काढून थंड कपाटात ठेवलं तरी ते दिलेलं काम पुरं करत होतं. वर, एकदा एस्ट्रोजेन मिळालेलं यकृत पुढच्या वेळी लवकर आणि जास्त उत्तर देतं. त्याची आठवण राहते. शिवाय मत्स्यशेतीत ट्राउटचे कित्येक साठे मुद्दामच सगळ्या माद्यांचे करतात, कारण नर लवकर वयात येतात आणि मांस उतरतं. हे मला ठाऊक होतं. विचारायचं सुचलं नाही.

या प्लेटचं पुढे काही झालं नाही. फेकली.

पण त्यानंतर मला नदीवरच्या निबंधांमधले कंट्रोल वेगळ्या नजरेने दिसायला लागले. जॉबलिंग यांच्या गटाने १९९८ मध्ये ब्रिटनच्या नद्यांमधल्या रोच माशांची मोठी पाहणी छापली. काही ठिकाणी सांडपाण्याच्या खाली पकडलेला प्रत्येक नर अर्धवट मादी झालेला. ही गोष्ट सगळ्यांना आठवते. माझी नजर मात्र तुलनेसाठी घेतलेल्या जागांवर अडते, कारण तिथेही थोडे तसे मासे होतेच. लॅबमध्ये मी बाटली बदलू शकते, नळ्या बदलू शकते, मासा बदलू शकते. नदीला दुसरी नदी कुठून आणायची?

यकृताची आणखी एक खोड आहे आणि पुढची काही वर्षं मी तिच्यातच काढली. ते निरोप ऐकतं तसं निरोप फाडूनही टाकतं. ज्या पेशीने एस्ट्राडायॉलला उत्तर दिलं तीच ते मोडून, त्याला साखरेसारख्या आम्लाची शेपटी लावून बाहेर फेकायच्या मागे असते. तुमचं-माझं यकृतही तेच करतं. माणसाने लघवीतून टाकलेलं संप्रेरक असं शेपटी लावलेलं, निकामी असतं. गटारात गेल्यावर जिवाणू ती शेपटी कातरतात आणि ते पुन्हा जिवंत होतं. यकृताने बांधून दिलेली पुडी वाटेत कोणीतरी सोडतं, म्हणा.

गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलएस्ट्राडायॉल बर्लिनच्या शेरिंग कंपनीत १९३८ मध्ये तयार झालं ते मुळी यकृताला चकवण्यासाठी. नैसर्गिक संप्रेरक तोंडावाटे घेतलं की यकृत ते लगेच मोडतं. रेणूला एक छोटीशी फांदी जोडली आणि ते टिकायला लागलं. बाईच्या यकृतात टिकतं तेच माशाच्या यकृतातही टिकतं. उलट मेथॉक्सिक्लोर हे जुनं कीटकनाशक स्वतः फारसं काही करत नाही, यकृत त्याला मोडायला जातं आणि मोडताना जे हाती येतं तेच जास्त एस्ट्रोजेनसारखं. घरात चोर शिरला म्हणून त्याला धरून ठेवावं आणि त्यानेच स्वयंपाकघराचा ताबा घ्यावा. नुसत्या ग्राहीवर केलेल्या चाचणीत हे दिसणार नाही. त्यासाठी मोडतोड करणारी अख्खी पेशी लागते.

याच मोडतोडीवर २०१८ मध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने एक चाचणी मान्य केली, क्रमांक ३१९ ए. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या ट्राउटच्या यकृतपेशी वितळवायच्या, काचेच्या कुप्यांमध्ये रसायनाचा अगदी बारीक डोस द्यायचा आणि ते किती वेगाने नाहीसं होतं ते मोजायचं. शेजारी उष्णतेने मारलेल्या पेशींची कुपी, म्हणजे काचेला चिकटून किंवा हवेत उडून गेलेलं आपण यकृताच्या खात्यावर मांडत नाही. (इथेही कंट्रोल.) त्या वेगावरून रसायन माशाच्या अंगात साठत जाईल की नाही याचा अंदाज बांधता येतो. तोच प्रश्न अख्ख्या माशांवर सोडवायचा तर एका रसायनामागे शंभराहून जास्त मासे लागतात. 'मासा न मारता' असं मात्र कोणी लिहिलं की मला राग येतो. त्या गोठवलेल्या कुपीमागे मासा आहेच. कमी आहेत, एवढं खरं, आणि एवढं पुष्कळ आहे.

कायम वाढत राहणाऱ्या पेशीही आहेत. ऑन्टॅरिओतल्याच वॉटर्लू विद्यापीठात नील्स बोल्स यांच्या लॅबने ट्राउटच्या यकृतापासून आरटीएल-डब्ल्यू१ ही अशा पेशींची वंशरेषा (सेल लाइन) तयार केली, १९९३ मध्ये. तिला दर वेळी नवा मासा लागत नाही. माझ्या प्रश्नांना ती पुरत नव्हती. माझ्या ताज्या पेशी मात्र प्लास्टिकवर पसरल्या की दिवसागणिक यकृतपण विसरत जायच्या, मोडतोडीची विकरं आठवड्याभरात ढेपाळायची. सावकाश हलणाऱ्या भांड्यात ठेवल्या तर एकमेकींना धरून त्यांचे बारीक लाडू वळले जातात आणि असे लाडू महिनाभरही काम करतात. एकटीला विसरायला होतं, घोळक्यात आठवतं, इतपत मी समजले.

आणि पेशी काय सांगू शकत नाही ते ऑन्टॅरिओतल्याच एका तळ्याने सांगितलं. वायव्येकडच्या प्रायोगिक तळ्यांपैकी २६० क्रमांकाच्या तळ्यात कॅरेन किड यांच्या गटाने २००१ ते २००३ अशी तीन वर्षं एथिनिलएस्ट्राडायॉल घातलं, लिटरमागे पाचसहा नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो जातीच्या नरांनी व्हायटेलोजेनिन बनवलं, इथवर माझ्या वाट्यांनीही सांगितलं असतं. पण त्या तळ्यात ती जात जवळजवळ संपलीच. औषध बंद केल्यावर काही वर्षांनी सावरली. वाटीतली पेशी पिवळी होते. तिला पिल्लं नसतात.

मागच्या डिसेंबरात मालवणला गेले होते. आईचे गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत, म्हणून बांगडे साफ करायला मी बसले. दहा वर्षांचा हात, म्हटलं दाखवूया. ट्राउटची पित्ताची पिशवी गोल, मण्यासारखी. बांगड्याची लांबट, नळीसारखी, हे डोक्यातच नव्हतं. पहिल्याच माशाला बोट लागलं आणि हिरवं पाणी सगळ्या पोटात पसरलं.

आई मागे खुर्चीत बसून बघत होती.

"इतकी वर्सां थंय काय केलंस गो?" म्हणाली, आणि चिंचेचं पाणी करायला उठली.